काळी पाचची रत्नमाला

आभाळ तीन दिवसांपासून फुगून बसलं होतं. पडत नव्हतं, हटतही नव्हतं. दिवाळी होऊन पंधरवडा झालेला. सानगडीच्या तलावाखालच्या बांध्यांमध्ये कापलेला धान कडपा होऊन, म्हणजे ओळीनं जमिनीवर अंथरून पडलेला, आणि त्याच्या डोक्यावर हे असं काळं, ओलं घोंगडं. एक जोराची सर आली असती तरी दाणा डागला असता. म्हणून रविवार असूनही माणसं उजाडता उजाडता बांधीत उतरली होती. कडपा गोळा करायचा, भारे बांधायचे, डोक्यावर वाहून उंचवट्यावर न्यायचे, तिथं गोल पुंजणं रचायचं आणि वरून ताडपत्री ओढायची.

रत्नमाला सहापासून वाकलेली. दोन दोन भारे एका खेपेत नेत होती, पण तोंडातून अक्षर नाही. शेजारच्या बांधीतल्या बाया हाका मारून दमल्या.

"अवो रत्नमालाबाई, मौनीबाबा झाली का आज?"

"रविवार हाय ना वो," दुसरी म्हणाली. "आज तिचा गळा झाकून राहते, पुंजण्यावानी."

रत्नमालानं डोक्यावरच्या भाऱ्यासकट वळून हातानं 'मारीन' अशी खूण केली, आणि बाया फिदीफिदी हसल्या.

खोटं नव्हतं ते. रविवारी दुपारी बारापर्यंत ती बोलत नाही, हा तिचा एकोणीस वर्षांचा नेम. आदल्या दिवशी दही नाही, चिंच नाही. घरात भांडायचं असलं तरी शनिवारी संध्याकाळच्या आत भांडून घ्यायचं. कारण रविवारी दुपारी साकोलीला, हायवेवरच्या 'तलावदर्शन' हॉटेलच्या हॉलमध्ये ती गाते. कडेनं मऊ सोफे, मधे काचेची टेबलं, आणि कोपऱ्यात वीतभर उंचीचा लाकडी मंच. नागपूर-रायपूरच्या गाड्या थांबतात, माणसं पनीर आणि भात खातात, लेकरं सोफ्यावर उड्या मारतात आणि मंचावर रत्नमाला जुनी सिनेमातली गाणी म्हणते. तिच्या मागं तिचा नवरा घनश्याम ऑर्गन वाजवतो. ऐकायला म्हणून कोणी येत नाही. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा घास हमखास हातात राहतो. इतक्या साध्या, उन्हानं रापलेल्या बाईच्या आतून हा एवढा उंच, एवढा सरळ आवाज कुठून निघाला, म्हणून माणूस आधी छताकडे पाहतो, स्पीकरकडे पाहतो, आणि मग तिच्याकडे.

तिची पट्टी काळी पाच. पेटीवरचं पाचवं काळं बटण धरून त्याच्यावर आपला सा ठेवायचा आणि तिथून वर चढायचं. भल्या भल्या गळ्यांना तिथं धाप लागते. रत्नमाला सतराव्या वर्षी त्या जागी उभी राहिली होती, आणि आता चव्वेचाळीसाव्या वर्षीही तिथंच उभी होती. भजनातल्या पोरी विचारत, "काकू, तुमचा गळा कसा नाई उतरत?" तर ती अगदी गंभीरपणे सांगे, "रोवण्याचा गुण हाय तो. महिनाभर चिखलात वाकलं का गळा धुतला जाते. दरसाली रोवणा झाला का माहा आवाज कसा नवा कोरा निघते." दोन-तीन पोरी त्या भरवशावर दुसऱ्याच्याही बांधीत धान रोवायला गेल्या होत्या.

गळा टिकण्याला तिच्या लेखी केवढी किंमत होती, ते तिच्या बापामुळं. बाप श्रावण दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घेऊन गायचा. अख्ख्या पंचक्रोशीत त्याचं नाव. पन्नाशीला टेकला तरी तो तरुणपणीच्याच उंचीवर गात राहिला, आणि एका वर्षी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, भर दुपारी, हजार माणसांपुढं त्याचा आवाज फाटला. लोक हसले. वाईट मनानं नाही, मंडईत माणसं हसतातच. पण श्रावण घरी आला तो पुन्हा गायलाच नाही. म्हशीचं दूध काढताना जे गुणगुणायचा तेही थांबलं. गाण्याशिवायचा बाप रत्नमालानं नऊ वर्षं पाहिला. लग्नात तिनं घनश्यामला पहिली गोष्ट सांगितली ती ही: "ज्या दिवशी काळी पाच सुटन, त्या दिवशी मी गानं सोडीन. लोकाइनं हासाच्या आधी. खाली उतरून गानारी बाई मी नोहो."

घनश्याम तेव्हा हो म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार?

तो आंबागडचा, किल्ल्याच्या पायथ्याचा. जंगलकामगाराचा पोरगा. तिथल्या भजनमंडळाकडं एक पेटी होती, तिच्यावर देवळाचं छत गळून गळून निम्मे सूर कुजलेले. जे धड होते त्यांच्यावर गाणं बसत होतं ते एकाच पट्टीत, काळी पाचमध्ये. घनश्याम त्या पेटीवर एकटाच शिकला. त्याच्या बोटांना दुसरी वाटच माहीत नाही. सगळी मंडळं त्याची टर उडवत, एकाच पट्टीचा मास्तर म्हणत, आणि कोणी गायक त्याच्याबरोबर बसत नसे, कारण तिथं गाणार कोण? मग सानगडीला भजनस्पर्धा झाली. रत्नमालाचा पेटीवाला आला नव्हता. कोणीतरी कोपऱ्यात बसलेल्या या बारक्या माणसाला पुढं ढकललं. त्यानं पाचवं काळं बटण दाबलं आणि तिनं आ लावला. त्याच्या मोडक्या पेटीत जेवढे सूर शिल्लक होते, नेमके तेवढेच तिला हवे होते. ऐकणारे सांगतात, घनश्यामनं भजन संपेपर्यंत वर पाहिलंच नाही. संपल्यावर पाहिलं, तर ती त्याच्या बोटांकडे पाहत होती.

लग्नानंतर दोघं नागपूरला गेली. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या हॉलमध्ये, एका मोठ्या हॉटेलात तीन वर्षं धडपडली. हॉटेलातला मॅनेजर म्हणाला, बाईनं चमकीची साडी नेसावी, जरा हलावं-डुलावं. ती म्हणाली, "हालत राहिली तं गाईन कवा?" दोघं परत आली. साकोलीच्या हॉटेलात जागा मिळाली, जुना ऑर्गन घेतला, आणि शेती, गुड्डी नावाची एक लेक आणि रविवारचा मंच असा संसार लागला. लेक आता भंडाऱ्याला नर्सिंग शिकते.

घनश्यामच्या दोन खोडी गावाला ठाऊक होत्या. एक म्हणजे तो हॉटेलात रत्नमालाच्या अर्धा तास आधी जाई. "ऑर्गन जुळवाचा हाय," म्हणे. विजेचा ऑर्गन कोण जुळवतो? पण तो जाई, आणि ती आली की आधी तिला चहाला पिटाळी. दुसरी खोड बॅटरीची. फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून त्यानं ती ऑर्गनला जोडलेली. हॉटेलात जनरेटर होतं. लाईट गेली की पंधरा सेकंदात चालू व्हायचं, पण घनश्यामला तेवढाही खंड चालत नसे. आणि बांधीत तुडतुडा पडला की रत्नमालाला जुना हातपंप पाठीवर घेऊन दांडा मारत फवारावं लागे. "धान मरो, पन यायचा बाजा नाई बंद पडला पायजे," असं ती दांड्याच्या प्रत्येक झटक्याला म्हणत असे.

त्या रविवारी नऊच्या सुमाराला भाऱ्याचा दोर कापताना घनश्यामचा इळा निसटला. उजव्या हाताची तर्जनी पार हाडापर्यंत.

"अजी! काय केलं जी हे!" रत्नमालाचं मौन तुटलं. डोक्यावरचा भारा तिथंच टाकून ती धावली, पदराचा काठ फाडून बोट आवळलं. घनश्याम बोटाकडे पाहतच नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता.

"आज जाऊ नोको," तो म्हणाला.

"मी कुठं जाऊन राहिली? दवाखान्यात तुमालेच न्याचं हाय."

"तसं नाई. दुपारी. हॉटेलात."

साकोलीच्या दवाखान्यात तीन टाके पडले. तिथं बाकावर बसल्या बसल्याच हॉटेलमालक चंद्रकुमारशेठचा फोन आला. आज हिरालाल गुरुजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून साठ पाहुण्यांचं जेवण होतं. गुरुजींनी मुद्दाम सांगून गाणं ठेवायला लावलेलं. बोटाचं ऐकून शेठ म्हणाले, "काही काळजी करू नका मास्तर. नाटकवाला धनीराम तालमीसाठी इथंच आहे, त्याला बसवतो. बाईला पाठवा फक्त." आणि मग जरा थांबून, "बाईला सांगा, आज जमवूनच आणा. तुम्हाला माहीत आहे, माझा विचार काय चालू आहे."

विचार दसऱ्यापासून चालू होता. मंचाच्या जागी मोठा स्क्रीन लावायचा, गाणी त्याच्यावर. आजच्या पाहुण्यांना बाई आवडली तर मंच राहील, नाही तर नवीन वर्षापासून स्क्रीन.

"माहं बोट बरं होऊ दे," घनश्याम म्हणाला. "मंग गाऊ."

"मंग तिथं टीव्ही राहीन. त्याच्यापुढं गाऊ का?"

"गुरुजीले सांगू, बरं नाई म्हनून."

"कोनाले बरं नाई? मले काय झालं?" रत्नमालाला आता राग येऊ लागला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दुसरा माणूस आपल्या मागं वाजवणार, हे याला बघवत नाही, असं तिला वाटलं. "माहा गळा तुमच्या बोटावर चालते का जी?"

घनश्यामचा चेहरा एकदम उतरला. तो काहीतरी सांगणार होता. ओठही हलले. पण तेवढ्यात कंपाउंडर कागद घेऊन आला.

हॉलमध्ये फुगे लावले होते. गुरुजी आणि मंगलाबाई मधल्या सोफ्यावर हार घालून बसलेले, मंगलाबाईंना हाराचा भार होत होता म्हणून त्या मधूनमधून तो उचलून धरत होत्या. धनीराम मंचावर स्वतःचा मोठा ऑर्गन लावून तयार. नाटकमंडळीतला नावाजलेला मास्तर. दर हंगामात शे-दीडशे प्रयोग, गायक कसाही घसरला तरी त्याला झेलून घेणारा. रत्नमालाला पाहून तो उठला, खिडकीबाहेर खर्रा थुंकून आला आणि हात जोडले.

"नाव लय आयकून हाय, बाई. कोनती पट्टी धरू?"

"काळी पाच."

धनीरामच्या भुवया वर गेल्या. "अजूनही? मानलं बुवा."

घनश्याम हॉलमध्ये थांबला नाही. स्वयंपाकघराच्या बोळात तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसला, बँडेजचा हात छातीशी धरून.

गाण्याचं तोंड नीट गेलं. फक्त रत्नमालाला वाटलं, आज माइक जरा लांब लागलाय का? पावलं एखाद्या अनोळखी घराच्या पायऱ्यांवर पडावीत तसं काहीतरी. मग अंतरा आला. ती नेहमीसारखी श्वास भरून वर गेली, आणि जिथं सूर असायला हवा होता तिथं तो नव्हता. तिचा आवाज त्याच्या खाली कुठंतरी घासला, चिरकला आणि तुटला.

धनीराम तयारीचा माणूस. त्यानं तिथंच दोन आवर्तनं नुसती वाजवून जागा भरून काढली आणि हळूच वाकून म्हणाला, "बाई, खाली घेऊ का?"

"नाई. माही पट्टी हेच हाय."

दुसऱ्यांदा चढली. दुसऱ्यांदा तुटलं. मागच्या टेबलावर कोणीतरी हसलं. ते त्यांच्या आपसातल्या गोष्टीवर असेल, पापड सांडला असेल. पण रत्नमालाच्या कानात सत्तावीस वर्षांपूर्वीची मंडई उठली. तिनं माइक स्टँडवर ठेवला. ठेवताना तो वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवला. आणि खाली उतरली.

बोळात येऊन ती घनश्यामपुढं उभी राहिली. "सुटली," ती म्हणाली. "काळी पाच सुटली जी. झालं माहं गानं."

तिनं कानातले मंचावर घालायचे मोठे झुमके काढले आणि त्याच्या चांगल्या हातात ठेवले. रडली नाही. घनश्यामनं झुमक्यांकडे पाहिलं, ते शर्टाच्या खिशात टाकले, आणि उठला.

"चाल," तो म्हणाला.

"कुठं?"

"चाल म्हनतो ना."

मंचाच्या कडेला त्यांचा जुना ऑर्गन ठेवलेला होता, तिच्याच एका फाटक्या साडीच्या खोळीत. घनश्यामनं डाव्या हातानं खोळ ओढून काढली. बॅटरीची वायर दातात धरून जोडली. बटण दाबून ऑर्गन चालू केला. आणि मग, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर, त्यानं कोपऱ्यातल्या एका बारक्या बटणावर अंगठा ठेवला आणि चार वेळा दाबलं. एक. दोन. तीन. चार.

"धनीराम, याच्यावर काळी पाच दाब," तो म्हणाला.

धनीराम आला, काही न समजून त्यानं पाचव्या काळ्या बटणावर बोट ठेवलं. सूर निघाला. त्याचा हात तिथंच राहिला. वळून त्यानं स्वतःच्या ऑर्गनवर एक सूर लावून पाहिला, दुसरा लावून पाहिला, आणि तिसऱ्याला दोन्ही बाजे एक झाले.

"हे तं काळी तीन हाय," तो म्हणाला. "पांढरी-काळी मिळून चार घरं खाली. मास्तर... बोटं काळी पाचवर आन् आवाज काळी तीनचा?"

विजेच्या बाज्यात असं एक बटण असतं. बोटं आपल्या जागी ठेवायची आणि सगळा बाजाच्या बाजा एक घर खाली किंवा वर सरकवायचा. ऑर्गन बंद झाला की ते पुसलं जातं, पुन्हा चालू करताना पुन्हा दाबावं लागतं. रत्नमालाला हे बटण माहीत नव्हतं. तिला माहीत होती ती घनश्यामची बोटं. ती बोटं दर रविवारी त्याच काळ्या बटणांवर पडताना ती पाहत होती, आणि त्यावरून तिचा गळा जागेवर होता.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"पयलं घर गुड्डी झाली त्या साली. तू तीन मयने गायली नोतीस ना. दुसरं तुले टायफॉइड झाला तवा. तिसरं कोरोनानंतर, तुही छाती भरून येत होती. चौथं दोन वर्साआधी." तो असं सांगत होता जसं शेताचे धुरे मोजून दाखवतोय. "एकदम नाई घेतलं. रोवण्यात आपलं गानं बंद राहते महिना-दीड महिना. तेवढ्यात कान मागचं इसरते. मंग पयल्या रविवारी एक घर खाली घ्याचं."

रत्नमाला त्याच्याकडे पाहतच राहिली. अर्धा तास आधी येणं. चहाला पिटाळणं. फवारणीची बॅटरी, जी तिनं पाठीवर दांडा मारत शिव्या देत सोसली, ती या एवढ्यासाठी, की मधेच लाईट जाऊन बाजा आपल्या मूळ जागी जाऊ नये आणि गात असलेली बाई हवेत लटकू नये. एकोणीस वर्षं. किती रविवार झाले असतील? आणि एका शब्दानं नाही, एका रागानं नाही, दारू पिऊनही कधी नाही.

मग तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली.

"आन् चिखल?"

"काय चिखल?"

"रोवण्याचा! गळा धुतला जाते तो!"

घनश्यामनं मान खाली घातली. "चिखलाचा काही गुन नाई वो."

"अन् मी साऱ्या गावाले सांगत फिरली! पोरी लोकाच्या बांधीत रोवाले पाठवल्या!"

धनीरामला हसू आवरेना. त्यानं तोंड फिरवलं. पण रत्नमाला हसत नव्हती. "फसवलं तुमी मले."

"हो."

"काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू गायली असतीस का?" घनश्याम म्हणाला. "तुह्या बापाले मी पायलं हाय. ओसरीवर भितीकडं तोंड करून बसत होता. तुले तसं पाहाची मह्यात हिंमत नोती. आन् मले दुसरी पट्टी येत नाई. येत असती तं दुसरं काही केलं असतं."

धनीरामनं नुसता हात पुढं करून त्या जुन्या ऑर्गनला शिवला आणि तो हात कपाळाला लावला. "बाई, मी मागच्या साली दोन वेळा इथं जेवून गेलो," तो म्हणाला. "तुमाले आयकलं. माह्यासारख्या कानालेही नाई समजलं. मले वाटलं, बाई काळी पाचले हाय. आवाजच तसा भरून येते ना तुमचा. खरं सांगतो, काळी पाचवाल्या धा बाया मी वाजवल्या हायत. हा असा आवाज एकीचा नाई."

तेवढ्यात हार उचलून धरत मंगलाबाई मंचापाशी आल्या. मागं काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. "काय वो बाई, आराम झाला का?" त्या म्हणाल्या. "माहं एक गानं राहिलं ना. गुरुजी पोरगे होते तवा सायकलवर म्हनत येत होते, ते. त्याइले तं आता दम लागते. तुमी म्हना. कसंही म्हना, पन म्हना."

रत्नमाला मंचाकडे पाहत उभी राहिली. वीतभर उंची. एकोणीस वर्षं ती त्याच्यावर चढत होती आणि तिला वाटत होतं, आपण उंचावर आहोत. आज चढायचं तर सगळं माहीत असून चढायचं होतं. बाप चढला नव्हता. बापाला कोणी एक घर खाली घेऊन दिलं नव्हतं, आणि दिलं असतं तरी तो गायला असता की नाही, हे आता कोण सांगणार?

तिनं हात पुढं केला. "झुमके द्या," ती घनश्यामला म्हणाली.

झुमके घातले, वर चढली, माइक घेतला आणि धनीरामकडे वळून, सोफ्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "काळी तीन धरा, मास्तर."

घनश्याम जुन्या ऑर्गनपाशी उभाच होता. त्यानं डाव्या हाताचा अंगठा आपल्या सवयीच्या पाचव्या काळ्या बटणावर ठेवला आणि दाबून धरला. तिचा सा. बाकी सगळं धनीराम वाजवत होता. हा फक्त तेवढा एक सूर धरून उभा राहिला, गाणं संपेपर्यंत.

ते गाणं ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात, पण नीट कोणाला सांगता येत नाही. वाढपी वाटी हातात घेऊन थांबला. सोफ्यावर उड्या मारणारी लेकरं आपोआप खाली बसली. अंतऱ्याला ती वर गेली, आणि तिथं पोचल्यावर घाई नाही, दाखवणं नाही, ती तिथं राहिली. आजवर ती त्या जागी पोचायची आणि लगेच वळायची, कारण मनात धाक असायचा. आज धाक गेलेला होता. आवाज पसरला तो असा, की बाहेर हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला तो कोणीतरी दुसऱ्या गावात वाजवल्यासारखा वाटला. गुरुजींनी चष्मा काढून हातात घेतला. मंगलाबाईंनी हार सोडून दिला, आणि त्यांना तो जड लागला नाही.

संपल्यावर टाळ्या उशिरा आल्या.

चंद्रकुमारशेठ काउंटरवरून उठून मंचापाशी आले. धनीरामनं वाकून त्यांच्या कानात सगळं सांगितलं. "स्क्रीनचं पुढं बघू," ते म्हणाले. मग घनश्यामकडे बोट करून, "आणि मास्तर, पुढच्या रविवारी साडेअकराला नका येऊ. आता कोणाला चहाला पाठवायचंय?"

जेवणाचा डबा घेऊन दोघं मोटारसायकलवर बसली. घनश्यामचा हात बांधलेला, म्हणून आज रत्नमालाच चालवत होती, आणि तो मागं बॅटरी मांडीवर घेऊन बसला होता. फवारणी नव्हती, काही नव्हतं. पण आता ऑर्गनला तिची गरज उरली नव्हती, म्हणून काढून आणली. तलावाची पाळ दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "गुड्डीले हे सांगू नोका."

"कायले?"

"मीच सांगीन."

आभाळ तसंच फुगलेलं होतं. सकाळी टाकलेला भारा बांधीत तिथंच पडलेला, जिथून ती बोट धरायला धावली होती. शेजारच्या बाया अजून उचलत होत्या, एकीनं विचारलं, "कसं झालं वो गानं?" रत्नमालानं साडीचा कासोटा मारला, भारा डोक्यावर घेतला आणि तिथूनच ओरडली, "झालं ना. आन् आयका, गळ्यासाठी रोवाले जात जाऊ नोका कोनी. त्यात काही नाई."

पुंजणं छातीएवढं झालं होतं. ती वर चढली, भारे कणसं आत करून दाबत गेली. खाली घनश्याम एका हातानं तिला भारे सरकवत होता. पहिला थेंब पडला तो तिच्या कोपरावर.

"ताडपत्री फेका," ती वरून म्हणाली. "डाव्या हातानं. त्या बोटाले हात लावू नोका."

त्यानं फेकली. तिनं टोक पकडलं, पुंजण्यावर ओढलं आणि चारी बाजूंना दगड बांधायला खाली उतरली.